समोरच्या नर्सबाई

नौपाड्यात आमच्या समोर एक निवृत्त ख्रिस्ती नर्सबाई राहतात. घसा खाकरल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. तरुणपणी मी अतिशहाणी होते. त्यांना विचारलं होतं, "घरात मूर्ती नाही, मग तुमच्या देवाचा स्वभाव कळतो कसा?"

"येशूकडे बघून."

मी फिस्सकन हसले होते.

आता घरात मी एकटीच. वाकता येत नाही. परवा माझी वाढलेली नखं बघून त्या गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि पाय धुऊ लागल्या.

"अहो, पायांना काय हात लावता!"

त्यांनी घसा खाकरला. "येशूनं शिष्यांचे पाय धुतले, वहिनी. देव कसा आहे, ते आम्हाला तिथे कळलं."

नखं कापून, पाय पुसूनही झाले. मी मात्र ते त्यांच्या मांडीवरून काढले नाहीत.