सौनातलं पीक

ताउनो केतोला हिशेबी माणूस. त्याला कंजूष म्हटलं की तो रागावतो, पण जन्मभर ओंडक्यांचे ट्रक हाकताना उतारावर डिझेल वाचवत आलेला माणूस म्हातारपणी एकाएकी उधळा कसा व्हावा? त्याच्या बायकोला, सायमाला, कर्करोग निघाला. औषधं सुरू झाली आणि तिच्या पोटात घोटभर कॉफीही ठरेना. डॉक्टरांनी मळमळीवर गांजा सुचवला, तो घ्यायच्या-लावायच्या परवान्याचं सरकारी कार्डही झालं. गांजाचं सर्वांत जवळचं दुकान गाडीने चार तासांवर होतं. तिथला भाव ऐकून ताउनोने फोन ठेवला आणि म्हणाला, "मी घरीच लावतो."

इकडे अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठाला ऑक्टोबरातच बर्फ पडतो, म्हणजे परसात लावायची सोय नाही. घरात लावायचा तर वेगळी खोली हवी, आणि खोली बांधायची तर पैसा. ताउनोची नजर तळघरातल्या सौनावर गेली. आम्ही मूळचे फिनलंडचे लोक घर बांधायला घेतलं की आधी ही वाफेची खोली उभी करतो, चूल मागाहून मांडतो. ताउनोचा सौना त्याच्या बापाने देवदाराच्या फळ्यांनी बांधलेला. दार घट्ट, खाली मोरी, वर झरोका. ताउनोला वाटलं, देवानेच तयार खोली दिली.

शेजारच्या आर्वोला ते मुळीच पटलं नाही. "लेका, आपल्या आया सौनात बाळंत व्हायच्या. आणि तू गांजा लावणार?"

"औषध आहे ते."

"आणि शनिवारी अंघोळीला कुठे जाशील?"

"तुझ्याकडे."

"वा. म्हणजे सरपण माझं नि बाग तुझी."

आर्वो हसला खरा, पण दर शनिवारी सौना तापवूनही ठेवू लागला.

मोठा दिवा आला, पंखे आले, वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी आली, हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र आलं. मग आलं विजेचं बिल. ते पाहून ताउनोच्या तोंडचं पाणी पळालं. आर्वोने बिल हातात घेऊन नाकावरचा चष्मा वर सरकवला. "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा दुकानातूनच आणलं असतंस."

हे बोलणं ताउनोला लागलं, आणि लागलं म्हणूनच त्याची बुद्धी फिरली. दिवा बंद केला तर रोपं मरतात, पंखा बंद केला तर पानं सुकतात. उरलं ओलीचं यंत्र. ते तो बंद ठेवू लागला. लाकडाची खोली आहे, ओल लाकूडच पिऊन टाकेल, असं त्याने मनाला पटवलं. साठ-सत्तर वर्षं वाफ पिऊन त्या फळ्यांचं पोट कधीच भरलं होतं, आता त्या प्यायलेलं परत देणार होत्या. जन्मभर त्या फळ्यांवर उघडा बसलेल्या माणसाला एवढं कळू नये?

पीक मात्र दृष्ट लागावं असं आलं. ताउनोने ते सौनाच्याच बाकांवर वाळत घातलं. वाळल्यावर एक बोंड फोडून पाहिलं, तर आत बुरशीची करडी लव. दुसरं फोडलं, त्यातही. अशा वेळी काय करायचं ते बी देणाऱ्याने त्याला बजावून सांगितलं होतं: सगळं टाकून द्यायचं, मन घट्ट करून. ताउनोचं मन घट्ट होईना. एवढा खर्च, एवढे महिने, आणि सगळं उकिरड्यावर? तो चिमटा घेऊन बसला. करडं तेवढं काढलं, चांगलं दिसलं ते बरणीत भरलं. सायमाला त्यातलं काही सांगितलं नाही.

त्या दिवशी सायमाने चार झुरके घेतले आणि तासाभराने तिने अर्धी पास्टी, मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, खाल्ली, वर कॉफी मागितली. ताउनो लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि ढसाढसा रडला. आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

काही आठवड्यांनी तिला खोकला लागला, मग ताप चढला, मग तिला इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिने विचारलं, "घरात कुठे ओल, बुरशी आहे? यांच्या अंगात आता प्रतिकाराची ताकद नाही, म्हणून विचारते."

"नाही," ताउनो म्हणाला. "घर कोरडं ठणठणीत आहे."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळेना, हे आपण काय बोललो. डॉक्टर खोकल्याचं नेहमीचं औषध देत राहिली. ताप हटेना. सायमाचा श्वास ऐकताना ताउनोला वाटे, छातीत बसलंय ते आपल्याच हाताने भरलेलं आहे. सांगितलं तर आपण तिला विष दिलं असं होईल. नाही सांगितलं तर ते खरंच होईल. तो दोनदा उठून दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आली, तेव्हा तो उभा राहिला. सायमा जागी होती. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं त्याला, पण आता जागा निवडायची सोय उरली नव्हती.

"मी खोटं बोललो. गांजाला बुरशी होती. मी पाहिली होती. तरी दिला."

डॉक्टरने त्याला शब्दानेही टोचलं नाही, हेही त्याला सोसवेना. "घरी उरलाय?"

"बरणीत."

"आजच आणा. तपासायला हवा," म्हणत ती औषध बदलायला गेली.

सायमाने नजर छताकडे वळवली. मग हळू म्हणाली, "मला वास यायचा त्याचा. ओल्या घोंगडीसारखा."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, औषधांनी माझीच जीभ बिघडलीय. तू दिलेलं खराब कसं असेल?"

ताउनोने पलंगाची दांडी धरली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने त्या मान खाली घालून घेतल्या असत्या. पण तिला खोकल्याची ढास आली, ती ओसरेपर्यंत त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. श्वास खाली बसल्यावर तिने तो हात बाजूला केला.

"जा आता," ती म्हणाली. "बरणी आण."