वेशीतून आत

बयाबाई राखेनं दुधाची चरवी घासत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारची शालूबाई. भिशीतल्या बायकांची गाडी दोन दिवस रेवदंड्याला निघालीय, एक बाई तापानं पडल्यामुळे जागा रिकामी आहे, तासाभरात निघायचं, हे तिनं उंबऱ्यातूनच सांगून टाकलं. समुद्राकाठचं जुनं गाव, भोवती तट, आणि वेशी अजून उभ्या.

वेशी म्हटल्यावर बयाबाईचा हात थांबला. माहेर गंगावेशीतलं, दुधाची गिऱ्हाइकं वरुणतीर्थ वेशीतली. पण कोल्हापुरात वेशी उरल्या त्या नावापुरत्या. दारं कधीच पाडली गेली. बासष्ट वर्षांत तिनं खरी वेस पाहिली नव्हती. पाहणार कशी? शिवाजी पेठेतला गोठा सोडून ती चाळीस वर्षांत कुठं मुक्कामाला गेली नव्हती.

तिला अडवायला लेक सम्राट आधी तिच्या गुडघ्यांवर आला, मग उन्हावर, आणि शेवटी म्हशीवर. चंद्री दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही, हे त्याचं हुकमी पान.

बयाबाईनं दोरीवरचं आपलं जुनं लुगडं ओढलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

"हे नेस आन् बस धारंला. तिला माझा वास पायजे, तुझं तोंड न्हाय."

दाराआड सून संयोगिता पदर तोंडात कोंबून हसत होती.

"आई, सगळी पेठ हसंल की," सम्राट म्हणाला.

"हसू दे. चाळीस वर्षं शेणात काढली मी, तवा कोण रडलं न्हाय."

पिशवीत दोन लुगडी आणि भाकरी-ठेचा घालून ती निघाली. संध्याकाळी वाटेतच संयोगिताचा फोन आला: लुगडं नेसून झालं, चंद्रीनं निम्मंच दूध दिलं, पण दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांच्या मागं काळाकुट्ट तट दिसला. मग वेस. रस्ता तिच्यातूनच आत जात होता. ड्रायव्हर म्हणाला, आजीचं गुडघं दुखत्यात, गाडी थेट समुद्रापतूर नेतो. शालूबाईनंही मान हलवली. गाडी वेशीकडे सरकू लागली.

बयाबाई दांडी धरून उभी राहिली.

"पावणं, गाडी वेशीबाहीर थांबवा. मला चालत आत जायचंय."