चार भोकांचं ऑपरेशन

तिच्या शेवटच्या संध्याकाळी मी आणि माझी बायको दारात बसून करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, सोलत होतो. माझी एक सोलून व्हायची तोवर तिच्या चार. "राहू द्या, नुसती नासाडी करताय," म्हणाली. सकाळी ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं. तीन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही, मी डॉक्टरला तोंडावर विचारून घेतलं.

तिच्या पित्ताशयात खडे होते. मलाही झालेले, एकोणीसशे ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास. तेव्हा बरगडीखाली वीतभर चीर पाडली, कुशीत नळी घातली. दहा दिवस खाट, दोन महिने वजन उचलायचं नाही. खोकला आला की दोन्ही हातांनी पोट दाबून धरायचो. ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकून डब्यात पेज घेऊन यायची.

हे सगळं तिनं बघितलेलं, म्हणून स्वतःवर आलं तेव्हा दोन वर्षं गोळ्या खाऊन कळा काढल्या. मासळी बाजारात जागा बसणाऱ्याची. "दोन महिने उठले तर माझ्या फळीवर दुसरी बसेल. मग काय, घरात माश्या मारू?"

नौपाड्यातला डॉक्टर म्हणाला, "मावशी, दुर्बिणीतून करू. चार भोकं. तिसऱ्या दिवशी घरी, पंधरवड्यात बाजारात."

मी म्हटलं, "भोकातून हात कसा जाणार?"

"हात बाहेरच राहतो, काका. नाहीच जमलं तर तुमच्यासारखं उघडू."

मला पटलं नव्हतं. सही तिनं करायला लावली.

जमलं. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखला. आत हवा भरतात, त्यानं. पंधराव्या दिवशी ती फळीवर होती. बाजारातल्या शेजारणीनं पदर सारून बघितलं. "हे ऑपरेशन? मांजरानं बोचकारलंय."

पाटी उचलायला मात्र अजून मनाई होती, म्हणून मी उचलायचो. ती पुढे हात हलवत चालायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "हमाल ठेवलाय, जेवणावर." महिन्यानं मनाई संपली. पाटी मी परत दिली नाही. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली.

तिला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी बाजारात गेलो. सुतक होतं, तरी गेलो. फळी पुसली आणि बसलो. पुढ्यात मासळी नव्हती. शेजारणीनं आपली पाटी जरा सरकवून घेतली. बाजार उठेपर्यंत मी बसून होतो.