सहाणेवरची गोळी

दादाच्या हाताची ओळख घरात सगळ्यांच्या पाठीला होती. लहानपणी मीही त्याचा पट्टा खाल्लाय. पण बाबांना लकवा मारला तेव्हा त्यांचं न्हाणंधुणं, खाऊ घालणं सगळं त्यानंच केलं.

बाबांना गोळी गिळता येईना. मग दादानं बाळगुटीची सहाण काढली. लेकराला हळकुंड उगाळून चाटवतात, तशी रक्त पातळ ठेवायची गोळी तो रोज सकाळी उगाळायचा आणि अनशापोटी मधातून बाबांना द्यायचा. गोळीवरचं गुलाबी कवच पाण्यात विरघळत नसे. ते नखानं सोलून तो पुडीत जमवायचा. "पाह्य, निरं प्लास्टिक इकून राह्यला तो मेडिकलवाला," म्हणायचा.

एका सकाळी बाबांना रक्ताची उलटी झाली. काळी, गुठळ्यांची. आदिलाबादला दवाखान्यात नेताना दादानं जीप वाटेतल्या बेला गावात, जिथून गोळ्या आणायचो त्या मेडिकलपुढं थांबवली. मागं बाबा माझ्या मांडीवर रक्त ओकत होते आणि हा शूर पुडी घेऊन दुकानात शिरला.

"माया बापाले प्लास्टिक चारतं का बे?"

मेडिकलवाला काही सांगू पाहत होता. दादानं कॉलर धरून त्याला काउंटरवरून ओढलं. काच फुटली. कानाखाली मारली, पुन्हा त्याच कानाखाली, पुन्हा. कानातून रक्त आलं तरी थांबेना. मेडिकलवाल्याची बायको मधे पडली, तर तिलाही ढकललं. माझं डोकं फिरलं. "बाबा मरून राह्यले इथं, अन् तू काय करून राह्यला?" मी ओरडले, तेव्हा कुठं तो परतला.

दवाखान्यात त्यानं ती पुडी पुरावा म्हणून डॉक्टरांपुढं ठेवली.

"हे कोणी सोललं?"

"म्याच," तो ताठ मानेनं म्हणाला.

ते प्लास्टिक नव्हतं. पोटातल्या आम्लात गोळी फुटू नये, पुढं आतड्यात जाऊन उघडावी, म्हणून दिलेलं पॉलिमरचं आवरण होतं. ते काढून रोज उपाशीपोटी चाटवलेल्या औषधानं बाबांचं जठर आतून सोलून काढलं होतं. दादानं भिंतीवर डोकं आपटलं. मला त्याची कीव आली नाही.

बाबा वाचले. मेडिकलवाल्याचा कान गेला.

बाबा घरी आल्यावर दादा मला घेऊन त्या दुकानात गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "मारा मले."

तो मेडिकलवाल्याच्या गेलेल्या कानाच्या बाजूला उभा होता, त्याला ते ऐकू गेलं नाही. त्याच्या बायकोला गेलं. तिनं पायातली चप्पल काढली आणि हात भरून येईपर्यंत दादाला मारलं. मी मधे पडले नाही.