तोंडी परीक्षेला आई

इचलकरंजीत आमची एकच खोली, मागांच्या शेडला लागून. वडील माग चालवायचे, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. वडील गेल्यावर ती दोन-दोन पाळ्या करायला लागली. मी बारावी पास झालो, तेव्हा आमच्यात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं.

कोल्हापुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला चालताना झोकांड्या जायला लागल्या. स्टँडवर एक रिक्षावाला म्हणाला, "काय पावणं, सकाळी सकाळी टाकून आलाय व्हय?" रिक्षा मात्र मी त्याचीच केली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजतोय, आणि हे वाढत जाणार. वर्षभरात जीभही जड झाली. माझं बोलणं फक्त आईला कळायचं. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. बाया एकमेकींच्या ओठांकडं बघून बोलतात. तिची हयात त्यात गेलेली.

शेवटच्या वर्षी प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. ती बुडाली तर पदवी नाही. लिहून द्यावं तर हात थरथरायचा. मी अर्ज केला, माझी उत्तरं आई मोठ्यानं सांगेल. परवानगी मिळाली.

माझा विषय होता यंत्रमागावरच्या पाळ्या. परीक्षकांनी आधी आईलाच विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"चौथी. नापास."

मी बोलायचो, ती सांगायची, तेही शेडमधल्या आवाजात. 'उत्पादकता' तिला तिसऱ्यांदा जमलं. मग प्रश्न आला, कामगार एकत्र का येत नाहीत? मी तोंड उघडायच्या आत आईच सुरू झाली. "एक बाई आत कामाला, तिच्या जागंसाठी चार दारात हुभ्या. कोण तोंड उघडंल?"

मी टेबलावर हात आपटला. "माझं सांग!"

"तुला ठावं न्हाय त्येच सांगतीय की!"

परीक्षक हसले. "बाई, मार्क त्याला द्यायचेत."

ती माझ्याकडं वळली. "बोल."

मी बोललो. तिचा चेहरा उतरला, पण एक शब्दही न गाळता तिनं सांगितलं, "आई म्हणते ते अर्धंच खरं आहे. दोन पाळ्यांतली माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. मग एकत्र येणार कशी?"

परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

मी पहिल्या वर्गात बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.