पाणी कमी प्या, असं मीच सांगायचे

सोमवारी तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर रशीदाभाभी बसल्या जागी कलंडली. बेदाणा निवडता निवडता... तोंड पांढरंफटक.

मला आधी रागच आला. म्हटलं, हिनं सकाळी काही खाल्लेलं नसणार. सगळ्यांसमोर ओरडलेसुद्धा.

रिक्षात घालून दवाखान्यात नेली. मूळव्याध निघाली. चार महिने रक्त जात होतं आणि ही बाई गप्प... अंगात रक्तच राहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"शेडवर न्हाई पीत. घरी गेल्यावर पिते."

"का?"

"तिथं सोय न्हाई," भाभी म्हणाली. माझं नाव घेतलं नाही तिनं.

आमच्या शेडवर संडास नाही. जायचं तर लांब ओढ्याला, तेही बागेतल्या गड्यांसमोरून. म्हणून नवी बाई आली की पहिल्याच दिवशी मी सांगायचे, "घोटभरच पाणी प्यायचं. दुपारी चहा-खारीवर भागवायचं. भाजीभाकरीनं पोट भरलं की उठावं लागतं." आईनं मला शिकवलेलं, मी बाकीच्यांना. लय शहाणी समजायचे स्वतःला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर प्या, पालेभाजी, भाकरी, काकडी खा, वेळेवर जेवा आणि कळ आली की दाबून धरू नका. एवढं साधं... शेवटचं ऐकून मला तिथं बसवेना.

मालकाला संडासाचं विचारलं. "सीझन संपत आलाय, पुढच्या वर्षी बघू." मग आम्हीच चार बांबू रोवून जुनं शेडनेट गुंडाळलं, खड्डा काढला. आता सगळ्याजणी बाटली भरून आणतात. एका दिवसाचं काम होतं ते. इतकी वर्षं एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही.

काल मेथीची भाजी आणि भाकरी घेऊन भाभीकडे गेले. ऑपरेशन करायचं का, ते अजून ठरायचंय. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाली, "आता पी म्हणतीस व्हय, आक्का?" आणि हसली. मला हसता आलं नाही.

वीस वर्षांत किती जणींना सांगितलं असेल... कोण कवठे महांकाळला दिली, कोण लोणंदला. कुणाचा नंबर नाही माझ्याकडं. म्हणून पोरीकडून हे इथं फेसबुकवर टाकून घेतेय. बायांनो, मी चुकीचं सांगितलं होतं.