पित्ताच्या नळीतली हवा

आमचे हे वेताच्या खुर्च्या विणतात. ओढलेली पट्टी सुटू नये म्हणून चौकटीच्या भोकात लाकडाची बारीक खुंटी ठोकायची आणि पुढच्या खुंट्या तोंडात धरायच्या. त्यामुळे दिवसभर यांचं तोंड बंद. मी बोलायचं, यांनी "हूं" म्हणायचं. असा आमचा संसार! "थुंका त्या, एखादी जाईल पोटात," म्हणून कानीकपाळी ओरडले. पण पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा यांना सारखा थंडी-ताप येऊ लागला. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली. स्कॅनमध्ये पित्ताच्या नळीत हवा दिसली. मी म्हटलं, "गॅसच ना? ढेकर आला की झालं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तिथे हवा नसतेच म्हणाल्या. आतड्यातून नळीत वाट पडली असणार. आधी ऑपरेशन झालंय? नाही. खडे? तेही नाहीत. मग कशानं? "पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. गाठही असू शकते." मी म्हटलं, "मग आजच उघडा!"

हे मात्र अडून बसले. "गिऱ्हाइकाची खुर्ची अर्धी राहिलीय."

"चुलीत गेली ती खुर्ची!" मी ओरडले. "मला तुम्ही हवे आहात!" अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन संपवून बाई बाहेर आल्या, हातात छोटीशी बाटली. "गाठ नाही. हे लाकूड आतड्यातून नळीत घुसलं होतं. स्कॅनमध्ये दिसलंच नाही. काढलं, भोक शिवलं, पित्ताशयही काढलं. काय आहे हे?"

काळी पडली होती, पण खुंटीच ती! हरवली म्हणून मी मेली केरात शोधत बसले होते. आधी ढसाढसा रडले, मग असा संताप आला म्हणता!

हे नीट शुद्धीवर आले तशी मी सुरू झाले. "सांगत नव्हते मी? ऐकलंत कधी माझं?"

"सगळं ऐकलं गं," हे हळूच म्हणाले. "तोंड भरलेलं असायचं, कान नाही."



आता खुंट्या माझ्या मुठीत असतात. हे हात पुढे करतात, मी एकेक देते. आणि तोंड मोकळं झाल्यापासून हे इतकं बोलतात, इतकं बोलतात, की मला "हूं" म्हणायलाही जागा मिळत नाही. बोलू देत बापडे.